खांदा देण्यापुरता गुडघा

मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले, त्या दिवशी तिथल्या शिपायाने विचारलं होतं, "म्हणजे मालिशवाल्या बाई ना?" निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना एका पुढाऱ्यांनी भाषणात माझा उल्लेख "मालिशने अनेकांना चालतं करणाऱ्या ताई" असा केला. मधली सगळी वर्षं मी लोकांना समजावण्यात घालवली, त्याचं हे फळ.

मोडलेलं हाड डॉक्टर जोडतात. ते जोडलेलं हाड, आखडलेला सांधा, पडून पडून झोपी गेलेला स्नायू पुन्हा कामाला लावायचा, हे माझं काम. त्यात माणसाला हात लावणं थोडं आणि त्याच्या मागे लागणं फार. शहापूर-मुरबाडकडची माणसं तशी सोशिक, पण व्यायाम म्हटलं की त्यांना हसू येतं. लावणी करून कंबर धरलेल्या बायका म्हणायच्या, "बाय, दिवसभर वाकताव नी उठताव, आनखी कसला येयाम?" एका म्हाताऱ्याला कुबडी दिली तर तो आठवड्यात ती परत घेऊन आला. कुबडी बघून त्याची म्हैस बुजायची आणि दूध चोरायची. त्याने पाय लंगडा ठेवला आणि म्हैस सांभाळली. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्याचा हिशेब बरोबर होता.

निवृत्तीनंतर वाशिंदच्या घरी बसून राहायचा माझा विचार होता. पण शहापूर आणि आटगावच्या मध्ये, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या जागेवर, मुंबईच्या एका फुटबॉल क्लबाने मैदान केलं. मुंबईत मैदान परवडत नाही म्हणून इकडे सराव, आणि सामन्यांना बसने बाहेरगावी. क्लब मोठा नव्हता. वरच्या लीगमध्ये जायची स्वप्नं बघणारे आणि तिथून खाली आलेले, असे दोन्ही प्रकारचे खेळाडू तिथे भेटायचे. त्यांना जवळ राहणारा फिजिओ हवा होता. मी गेले.

फुटबॉल मला कळत नव्हता, गुडघे कळत होते. तेवढ्यावर भागलं. शरीर विकून जगणारा माणूस मी तोवर हमालाच्या रूपात पाहिला होता, इथे बूट-मोज्यांत पाहिला. त्यातही परदेशी खेळाडूंची तऱ्हा वेगळी. एका हंगामाचा करार, हंगाम संपला की बॅग भरायची, पुढचा देश. एक आफ्रिकन फॉरवर्ड होता, तो माझ्या टेबलावर चढण्याआधी टेबलाला नमस्कार करायचा. एक ब्राझीलचा पोरगा नाग दिसल्यापासून मैदानाच्या कुंपणाकडे गेलेला चेंडूच आणायचा नाही. पण मला सांगायचं आहे ते मारवानबद्दल.

मारवान लेबनॉनचा. बचावफळीच्या मधोमध खेळणारा. आला तेव्हा तिशी ओलांडलेला, उंच, दाढीत एकदोन पांढरे केस. नवा खेळाडू आला की करारावर सही होण्याआधी त्याला माझ्या टेबलावर झोपवायचे, आणि मी त्याला नखशिखान्त तपासायची. या तपासणीला परदेशी खेळाडू प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त घाबरतात. मारवान मात्र गाइडसारखा स्वतःचं शरीर दाखवत गेला. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं, इथे ते मराठीत लिहिते.

"हा घोटा जॉर्डनचा," तो म्हणाला. "तिथे पहिला करार. घर सोडलं तेव्हा मिशी नव्हती. ही भुवई इराकची, कोपर लागलं. ही बोटं ओमानची. आणि गुडघा मलेशियाचा. पावसात, चिखलात."

मी उजवा गुडघा हातात घेतला आणि तो हळूहळू वाकवला. तळव्याला आतली करकर लागली. वाळूवरून पाट ओढावा तशी. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये गादी असते, तिची एक कड झिजून सुटी होत चालली होती. अशी कड एखाद्या दिवशी फाटून सांध्यात अडकते, आणि मग गुडघा जिथल्या तिथे कुलूप लागल्यासारखा थांबतो.

"किती चालेल?" त्याने विचारलं.

"जपून खेळलास तर एक हंगाम. त्यानंतर ऑपरेशन करावंच लागेल."

"मला एक हंगामच हवा आहे. बचाववाला धावतो तो चुकीच्या जागी उभा असतो म्हणून. मी बरोबर जागी उभा राहीन."

कोचना मी आहे ते सांगितलं. ते जुने खेळाडू, त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे गेलेले. म्हणाले, "असा उभा राहणारा माणूस मला हवाच होता. तुम्ही फक्त त्याला उभा ठेवा." करार झाला.

आणि मारवान खरंच बरोबर जागी उभा राहायचा. समोरचा पोरगा वाऱ्यासारखा यायचा आणि चेंडू मारवानच्या पायात सापडायचा. पोरं त्याला चाचा म्हणायला लागली.

मैदानाचं गवत काशिनाथ बघायचा. तो मुरबाडच्या अंगाच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. पावसाळ्यात स्वतःचं भात सांभाळून आमचं गवत, बाकीचे महिने नुसतं आमचं गवत. मारवानचे आणि त्याचे शब्द एकमेकांना कळत नव्हते, तरी दोघं सरावानंतर पाण्याच्या टाकीजवळ बसलेले असायचे. मारवानचे वडील दक्षिण लेबनॉनमध्ये डोंगरावरच्या गावात तंबाखू करायचे. एके दिवशी त्याने वडिलांना व्हिडिओ कॉल लावून फोन काशिनाथच्या हातात दिला. तिकडे डोक्याला फडकं बांधलेला म्हातारा दोरीत ओवलेली तंबाखूची पानं वर धरून दाखवत होता. काशिनाथने इकडून कुंपणापलीकडच्या शेतातलं भाताचं रोप उपटून दाखवलं. म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं.

"काय बोलतो तुजा बापूस?" काशिनाथने विचारलं. मी मध्ये दुभाषी.

"विचारतोय, याला पाणी किती लागतं?"

"सांग त्याला, आभालाला इचार."

ते मी मारवानला सांगितलं, त्याने वडिलांना सांगितलं, आणि म्हातारा इतका हसला की फोन हलायला लागला. त्यानंतर त्याने पोराला जेवणाचं विचारलं. ते भाषांतराशिवाय कळलं.

त्याच पावसाळ्यात त्यांच्या सीमेवरची लढाई वाढली. गावं रिकामी व्हायला लागली. मारवानची आई आणि बहीण राजधानीत गेल्या, तिथे एका शाळेच्या वर्गात कुटुंबं राहत होती. वडील गेले नाहीत. पानं ओवायची होती, ती वाळवायची होती. मारवान रोज सकाळी माझ्या टेबलावर पाय पसरून त्यांच्याशी भांडायचा. मला अरबी कळत नाही, पण हट्टी बाप कोणत्याही भाषेत ओळखू येतो.

"काय म्हणतात?" मी विचारायची.

"म्हणतात, तू तुझ्या जागी उभा राहा, मी माझ्या."

पाऊस उघडल्यावर एका सकाळी त्याच्या गुडघ्यावर बर्फ ठेवून मी मांडीचा स्नायू सैल करत होते. बहिणीचा फोन आला. त्याने कानाला लावला. माझ्या हाताखाली त्याची मांडी लाकडासारखी झाली. इतक्या वर्षांत मी आखडलेले स्नायू खूप पाहिले, पण माझ्या बोटांखाली असा क्षणात दगड होणारा नाही. फोन त्याने छातीवर ठेवला. छताकडे बघत म्हणाला, "घरावर पडलं. ते आत होते."

मी बर्फ काढला.

विमानं बंद होती. कुठून तरी फिरून राजधानीत पोचलाच असता, तरी गावाकडचा रस्ता बंद होता. गावाच्या कबरस्तानातही कुणाला जाता येत नव्हतं. म्हणून वडिलांना खाली, समुद्राकाठच्या शहरात एका मोकळ्या जागी पुरलं, लाकडी पेटीत, इतरांच्या ओळीत. लढाई थांबली की काढून गावी न्यायचं. त्यांच्यात याला जो शब्द आहे त्याचा अर्थ त्याने मला शोधून सांगितला: सांभाळायला दिलेली वस्तू. मी म्हटलं, आमच्यात त्याला ठेव म्हणतात. त्याने तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मातीत बापाची ठेव.

काशिनाथला कळलं तेव्हा तो टाकीपाशी उभा होता. मारवान जवळ आल्यावर त्याने डोक्याचं फडकं काढलं. "बापूस गेला?" एवढंच म्हणाला. मग त्याला बाजूला बसवून घेतलं, आणि दोघं दुपारपर्यंत तसेच बसले. गवताला त्या दिवशी पाणी पडलं नाही, कोणी विचारलंही नाही.

कोचनी त्याला सुट्टी देऊ केली. तो म्हणाला, खोलीत बसून काय करू? पुढच्या सामन्याला तो उतरला. पहिला अर्धा भाग नेहमीसारखाच खेळला. दुसऱ्या भागात मी बाकावरून बघत होते आणि मला दिसत होतं की तो धावतोय. जिथे जायची गरज नव्हती तिथे जात होता, मैदानाच्या कडेच्या चेंडूमागे, गमावलेल्या चेंडूमागे. कोच ओरडत होते, "मारवान, जागेवर!" त्याला ऐकू येत नव्हतं की ऐकायचं नव्हतं, सांगता येणार नाही. एका वळणावर उजवा पाय रोवला गेला आणि तो खाली बसला. मी धावले. गुडघा अर्धा वाकलेला, ना पुढे ना मागे. गादीची कड फाटून अडकली होती. हळूहळू फिरवून मी ती सोडवली, पण खेळ तिथे संपला होता. स्ट्रेचरवर तो हसला. "आता मी कुठेच उभा नाही," म्हणाला.

त्याच्यासारख्याचं करिअर असंच संपतं. निरोपाचा सामना नाही, टाळ्या नाहीत. पुढच्या हंगामाला फोन येत नाही, बस.

कोचनी धावपळ करून मुंबईत ऑपरेशनची व्यवस्था केली. तारीख जवळ आली तेव्हा तिकडे लढाई थांबल्याची बातमी आली. माणसं गाद्या-भांडी गाड्यांवर लादून गावाकडे परतायला लागली. मारवान कुबड्या टेकत माझ्या खोलीत आला.

"डॉक्टर, रस्ते जरा मोकळे झाले की तिकडे पेट्या काढून गावोगावी नेणार आहेत. मी एकटा मुलगा. मला खांदा द्यायचा आहे."

"जा. ऑपरेशन आल्यावर करू."

"गावाचा रस्ता उखडला आहे. रुग्णवाहिका खालच्या वळणापर्यंतच जाते. तिथून कबरस्तानापर्यंत चढ आहे, दगडांचा. पेटी खांद्यावर न्यायची. हा गुडघा नेईल का?"

मी खरं ते सांगितलं. आत्ता नेणार नाही. ऑपरेशन केलं तर कुबड्या सुटायलाच वेळ जाईल, ओझं घेणं त्याहून लांब. ऑपरेशन न करता मांडीचे स्नायू भक्कम केले तर त्या जोरावर एकदा तो चढ चढता येईल कदाचित. पण आतली फाटलेली गादी आणखी दळली जाईल, आणि मग ऑपरेशनलाही फारसं काही उरणार नाही. पुन्हा खेळणं तर नाहीच.

"एकदाच चढायचं आहे," तो म्हणाला.

माझ्या शिक्षणाने मला जे शिकवलं त्याच्या हे उलट होतं. मुंबईच्या सर्जननी फोनवर मला चांगलंच ऐकवलं, आणि त्यांचं चूक नव्हतं. मी तरीही हो म्हटलं. गुडघा त्याचा होता, बापही त्याचा.

आम्ही कामाला लागलो. आधी बसून पाय ताठ करणं, मग वाळूची पिशवी घोट्याला बांधून, मग पायरी. कुबड्या सुटल्या. पण सपाट खोलीत मजबूत झालेला पाय दगडांच्या चढावर खांद्यावर ओझं घेऊन टिकेल, याची खात्री मला देता येत नव्हती. ते करून बघायला हवं होतं. आणि पेटी एकट्याने उचलायची नसते. पुढे-मागे माणसं असतात, त्यांच्या पावलाशी आपलं पाऊल जुळवावं लागतं.

मी काशिनाथला विचारलं. तुझ्या पाड्याकडे चढ आहे, चार माणसं बघ, बांबूंवर पोती बांधून याच्याकडून चढवून घेऊ. तो एकदम मागे सरला.

"नाय बाय. ता नाय होयाचा."

"का रे?"

"जित्त्या मानसांनी तिरडीची तालीम करायची? पाड्यावर? बाया मना मारतील. नी मी बी नाय करनार."

त्याचं बरोबर होतं. मला ते आधी सुचायला हवं होतं. मी मारवानला सांगितलं की दुसरं काही बघू. तो पुन्हा पायरीवर चढ-उतर करायला लागला.

दोन-तीन दिवसांनी काशिनाथच माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाय, तिरडी नाय. डोली बांधू."

डोली म्हणजे काय ते या भागाबाहेरच्यांना सांगते. ज्या पाड्यांना रस्ता नाही तिथे आजारी माणूस, अडलेली बाई, अशांना एका दांड्याला चादरीची झोळी बांधून तिच्यात घालतात आणि खांद्यावर घेऊन गाडीरस्त्यापर्यंत आणतात. मुरबाडला असताना माझ्याकडे असे रोगी यायचे. आणणाऱ्यांचे खांदे सोललेले असायचे.

"डोलीचा काय नाय," काशिनाथ म्हणाला. "ती जित्त्या मानसाचीच असते." मग म्हणाला, "माजी बायकू डोलीतच गेली. ओहलाला पानी होता. आमी पलीकडं उबे राह्यलो, पानी उतरायची वाट बघत. पोचलो नाय."

इतकी वर्षं तो माझ्यासमोर गवत कापत होता आणि मला हे माहीत नव्हतं.

भात कापून झालं होतं. शेतं मोकळी, बांध कोरडे. पाड्याच्या खालच्या ओहळापासून डोली उचलायची आणि वरच्या जांभळापर्यंत न्यायची. झोळीत भाताची पोती. पुढे काशिनाथ आणि त्याचा भाऊ, मागे मारवान आणि एक शेजारी. मी बाजूने चालत त्याचा गुडघा बघत होते. पहिल्या दिवशी तो अर्ध्या वाटेवर बसला. काशिनाथ म्हणाला, "त्याला सांग, ताठ नको चालू. गुडगा जरा वाकलेला ठेव, नी पाय घासत टाक." मी तेच सांगणार होते, फक्त माझे शब्द लांबलचक असते. पुढचा माणूस ओरडायचा, "दगड!" "खड्डा!" "पानी!" आणि मागचे तसे पाय टाकायचे. मारवान ते शब्द शिकला. बायका दारांत उभ्या राहून बघायच्या. पहिल्या दिवशी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. एका म्हातारीने त्याच्या खांद्यावर घडी करून आपलं फडकं ठेवलं.

ज्या दिवशी तो न थांबता वरच्या जांभळापर्यंत पोचला, त्या दिवशी गुडघा नारळाएवढा सुजला होता. मी सूज उतरवली, पट्टी कशी बांधायची ते त्याला शिकवलं, आणि तो गेला. आटगाव स्टेशनवर काशिनाथ त्याला सोडायला आला होता. दोघांनी मिठी मारली नाही. काशिनाथने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा, आणि लोकल आली.

बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका दुपारी मारवानचा फोन आला.

त्याने सगळं सांगितलं, सावकाश. खालच्या शहरात पेटी काढली तेव्हा माती ओली होती. पेटी त्याला वाटलं होतं त्याहून हलकी होती, आणि ती हलकी का आहे हे त्याला कळलं. वळणावरून पुढे रस्ता म्हणून काही उरलं नव्हतं. तो पुढे उजव्या बाजूला होता, चुलतभाऊ मागे. लोक म्हणत होते खांदा बदल, त्याने बदलला नाही. तंबाखूचं शेत चाकांनी चिरडलेलं, जैतुनाची झाडं मुळासकट आडवी. कबरस्तानाचाही एक कोपरा उडालेला होता, पण आजोबांची जागा शाबूत होती. तिथवर गुडघा गेला.

"मग मी खाली कबरीत उतरलो, वडिलांना घ्यायला. मुलाने घ्यायचं असतं. त्यांना नीट ठेवलं. आणि वर यायला गेलो तर गुडघा अडकला, डॉक्टर. कुलूप. मी खालीच उभा. लोकांना वाटलं मी रडतोय म्हणून येत नाही. मी ओरडून सांगितलं, गुडघा, गुडघा! मग चौघांनी बगलेत हात घालून मला बाहेर ओढलं. आईसुद्धा हसली, डॉक्टर. रडता रडता."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, आता कसा आहे. तो म्हणाला, काठी आहे. जवळचं इस्पितळ पडलेलं आहे, दुसरं लांब, आणि तिथे त्याच्याहून वाईट माणसं रांगेत आहेत. तो परत येणार नव्हता. आई गावातच राहायचं म्हणत होती, तर तोही तिथेच. शेत पुन्हा लावायचं होतं, पण तंबाखूची रोपं बसून लावावी लागतात आणि त्याला बसता येत नव्हतं. बसलं तर उठता येत नव्हतं.

"काही व्यायाम आहे का?" त्याने विचारलं. "बसण्याइतपत?"

त्या गुडघ्यात आता काय उरलं असेल ते मला माहीत होतं. फार काही होणार नव्हतं. पण थोडं, रोज केलं तर, होऊ शकलं असतं.

"घरात मोकळी भिंत आहे का?" मी विचारलं.

"घर नाही." फोनमध्ये वारा ऐकू येत होता. "भिंत आहे एक."

"तिच्याजवळ जा. काठी बाजूला ठेव. पाठ टेक तिला, पूर्ण. टाचा भिंतीपासून थोड्या पुढे. टेकलीस?"

"टेकली."

"पडणार नाही ना ती?"

त्याने भिंतीवर तळहात मारल्याचा आवाज आला. "नाही. ही वडिलांनी बांधलेली आहे."

"मग आता हळूहळू खाली घसर. थोडंच. दुखलं की थांब."

तिकडून त्याचा श्वास ऐकू यायला लागला.